उन्हाळ्याचा थंडावा आणि विजेचे बिल

यंदा आपल्या मंडळाच्या अभ्यासिकेत एअर कंडिशनर बसवावा काय, हा विषय कार्यकारिणीच्या दोन बैठकांत निघाला आणि दोन्ही वेळा अर्धवट राहिला. एका बाजूचे म्हणणे, मुले-मुली एप्रिल-मे महिन्यांत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात, ४५ अंशांच्या झळेत पुस्तक उघडवत नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, यंत्र कोणीतरी देणगीत देईल, पण दर महिन्याचे बिल कोण भरणार? दोन्ही म्हणणी खरी आहेत. म्हणून एसी चालविण्याचा खर्च नेमका कसा येतो, हे सभासदांना व विद्यार्थ्यांना समजेल अशा पद्धतीने मांडण्याचा हा प्रयत्न आहे. घरी किंवा दुकानात एसी घेऊ पाहणाऱ्यांनाही याचा उपयोग व्हावा.

प्रथम ‘टन’ या शब्दाचा घोळ मिटवू. दीड टनाचा एसी म्हणजे दीड टन वजनाचा नव्हे. यंत्रे नव्हती तेव्हा थंडाव्यासाठी बर्फ वापरीत. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता खोलीबाहेर फेकणारे यंत्र ते एक टनाचे. विजेच्या भाषेत हा वेग सुमारे साडेतीन किलोवॅट भरतो. एसी थंडी तयार करीत नाही. तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, हमालाने पोते उचलावे तसे. म्हणूनच दीड टनाचे यंत्र सव्वापाच किलोवॅट उष्णता बाहेर टाकताना स्वतः मात्र दीड-पावणेदोन किलोवॅटच वीज खाते. पण बाहेर जितके जास्त तापलेले, तितका हा हमाल लवकर दमतो. कंपनीच्या कागदावरचे आकडे बाहेर ३५ अंश धरून काढलेले असतात. चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी ३५ अंश कुठे मिळणार? त्यामुळे आपल्याकडे तेच यंत्र कमी थंड करते आणि वीज जास्त घेते.

आता बिलाकडे येऊ. एक किलोवॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट, एवढे शाळेत शिकविलेले असते. दीड टनाचा जुन्या पद्धतीचा एसी रात्री आठ तास चालला, मधूनमधून त्याचा कॉम्प्रेसर बंद झाला, तरी नऊएक युनिटे जातात. महिन्याला २७०. इथपर्यंत सगळेजण हिशेब बरोबर करतात. चूक होते ती पुढे.

महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. २०२४-२५ च्या दरपत्रकात वहन आकार धरून पहिल्या १०० युनिटांना प्रत्येकी ५ रुपये ८८ पैसे, १०१ ते ३०० युनिटांना ११ रुपये ४६ पैसे, ३०१ ते ५०० युनिटांना १५ रुपये ७२ पैसे आणि त्यापुढे १७ रुपये ८१ पैसे असा दर होता. दर बदलत राहतात, म्हणून चालू दर आपल्या बिलाच्या मागे पाहावा. पण पायऱ्यांची रचना ध्यानात ठेवावी. समजा एका घरात एसीविना महिन्याला १५० युनिटे लागतात. त्यांचे ऊर्जेचे पैसे झाले ११६१ रुपये, म्हणजे युनिटमागे पावणेआठ रुपये. घरमालक मनात म्हणतो, २७० गुणिले पावणेआठ, दोन हजार शंभर रुपये जास्त येतील, परवडेल. प्रत्यक्षात एसीची युनिटे आधीच्या दीडशेच्या डोक्यावर बसतात. त्यांना स्वस्तातली पहिली पायरी मिळतच नाही. एकूण ४२० युनिटांचे ४७६६ रुपये होतात. वाढ झाली ३६०५ रुपयांची, आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क धरले की ४१८० रुपये. म्हणजे एसीचे प्रत्येक युनिट साडेपंधरा रुपयांना पडले! स्थिर आकार आणि इंधन समायोजनाची रक्कम यात धरलेलीच नाही. पहिल्या वर्षी हा अनुभव प्रस्तुत लेखकानेही घेतला आहे. मीटर बिघडले असे समजून तक्रारीचा अर्ज लिहायलाही घेतला होता. मग बिलाची मागची बाजू वाचली.

याच घरात नव्या पद्धतीचा, पाच तारांकित इन्व्हर्टर एसी असता तर? तो कॉम्प्रेसर धडाधड बंद-चालू न करता गरजेप्रमाणे सावकाश फिरवतो. रात्रीला सहा युनिटे, महिन्याला १८० धरू. वाढीव बिल शुल्कासह सुमारे २५४० रुपये येते. फरक महिन्याला सोळाशे, तीन महिन्यांच्या उन्हाळ्यात पाच हजारांच्या जवळपास. दोन यंत्रांच्या किमतीत दहा हजारांचे अंतर असेल तर ते दोन उन्हाळ्यांत फिटते. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. मात्र तारे मोजताना लेबलवरचे वर्षही वाचावे. ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२२ मध्ये निकष कडक केले. दुकानात स्वस्तात निघालेल्या जुन्या मालाचे पाच तारे आजच्या हिशेबात चार किंवा तीनच भरू शकतात. त्याच लेबलवर वर्षाची युनिटे छापलेली असतात, तीही १६०० तासांच्या वापरावर. आपला वापर किती तासांचा, त्या प्रमाणात गुणाकार करावा. विकणारा तेवढे सांगत बसत नाही.

बटणाचा खर्च वेगळाच. बाहेर ४४ अंश असताना आत १८ ठेवायचे म्हटले तर अंतर २६ अंशांचे. २४ ठेवले तर २० अंशांचे. भिंतीतून आत येणारी उष्णता या अंतराच्या प्रमाणात असते. एक अंश वर ठेवला तर सुमारे सहा टक्के वीज वाचते असे ब्युरो सांगते, ते यामुळेच. जानेवारी २०२० पासून नव्या यंत्रांत सुरुवातीचे तापमान २४ अंशच ठेवलेले असते. ते २६-२७ करून वरचा पंखा चालू ठेवला तर अंगाला फरक जाणवत नाही, मीटरला जाणवतो. १८ वर ठेवल्याने खोली लवकर थंड होते, ही समजूतही चुकीची आहे. यंत्राची ताकद तेवढीच राहते. ते फक्त जास्त वेळ चालत राहते.

दुकाने, दवाखाने, शिकवणी वर्ग यांचे गणित निराळे. व्यापारी जोडणीला घरगुतीपेक्षा स्थिर आकार बराच जास्त आणि वीज शुल्क २१ टक्के. शिवाय त्यांचा एसी भर दुपारी, सर्वांत तापलेल्या वेळी चालतो. काचेचे दार दर दोन मिनिटांनी उघडणाऱ्या दुकानदाराने आधी दाराला स्प्रिंग आणि काचेवर सावली करावी.

आता आपल्या विदर्भाचा जुना सोबती, कूलर. त्याचा पंखा व पंप मिळून २०० वॅटच्या आसपास वीज घेतात. रोज आठ तास म्हणजे महिन्याला ४८ युनिटे. वरच्याच घरात वाढीव बिल ६४० रुपयांच्या आत. हे कसे जमते? एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता शोषते. ताशी आठ लिटर पाणी उडाले की दीड टनाच्या यंत्राएवढी उष्णता शोषली गेली. वाळ्याच्या ताटीवर पाणी शिंपडणाऱ्या आपल्या आजीला हे आकडे ठाऊक नव्हते, पण काम हेच होते. कोरड्या हवेत कूलर ४४ अंशांची हवा ३०-३२ पर्यंत आणतो. मात्र समोरची खिडकी उघडी हवी; बंद खोलीत ओल साचते आणि जीव घाबरतो. मृगाचा पाऊस आला की कूलरचा इलाज संपतो, कारण ओल्या हवेत पाणी उडत नाही. आणि पाणी फुकट नाही. ज्या वस्तीत टँकर येतो तेथे रात्रीत साठ-सत्तर लिटर पिणारा कूलर कोणाच्या घागरीतून भरायचा, हा प्रश्न उरतोच. कूलरला हात लागून धक्का बसल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. पाणी भरताना पिन काढलीच पाहिजे, अर्थिंग तपासलेच पाहिजे. टाकी आठवड्याला कोरडी करावी, नाहीतर डासांची पैदास होते.

वीज आणि पाणी यांचा संबंध आपल्या जिल्ह्यात तर डोळ्यांसमोर आहे. ऊर्जानगरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट. एका युनिटामागे सुमारे पाऊण किलो कोळसा जळतो. केंद्राला पाणी इरई धरणाचे, आणि शहराची तहानही इरईवरच. २०१० च्या उन्हाळ्यात धरण आटल्याने संच बंद ठेवावे लागले होते. राख आणि धूर आपण सोसतो, पण केंद्राच्या चिमण्या दिसणाऱ्या वस्तीलाही वीज त्याच दराने मिळते. पलीकडे गडचिरोलीत भामरागड, एटापल्लीच्या गावांत दर किती हा प्रश्न नंतरचा; पावसाळी वादळात वीज गेली की केव्हा येईल हा पहिला. तेथील मातीच्या भिंती आणि कवेलूचे छप्पर उन्हात आपल्या स्लॅबपेक्षा थंड असतात, हे मात्र मान्य करावे लागेल. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता खाली सोडतो. टिनपत्र्याबद्दल तर बोलायलाच नको.

येथे एक आठवण अस्थानी होणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. १९४३ मध्ये वीजविषयक धोरण समितीपुढे त्यांनी वीज स्वस्त आणि भरपूर असली पाहिजे, असा आग्रह धरला. गरिबीतून सुटण्यासाठी उद्योग हवेत आणि उद्योगांसाठी वीज, अशी त्यामागची मांडणी होती. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले ते त्यांच्याच कारकिर्दीत. विजेचा दर हा केवळ घरखर्चाचा विषय नाही, हे आपल्या विद्यार्थ्यांनी त्या भाषणातून मुळातून वाचावे.

अभ्यासिकेकडे परत येतो. दालनात चाळीस विद्यार्थी बसतात. बसलेल्या माणसाच्या अंगातून सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर पडते. चाळिसांची चार किलोवॅट झाली. एक टनाचे यंत्र नुसत्या माणसांतच संपले! छप्पर, खिडक्या, दिवे अजून बाकीच आहेत. म्हणजे देणगीतला एक दीड टनाचा एसी येथे पुरणार नाही; तीन लागतील आणि तेही दुपारभर चालतील. ते बिल शुल्कातून काढायचे ठरले तर सर्वांत आधी गळतील त्या एका खोलीच्या पत्र्याच्या घरातून येणाऱ्या मुली. अभ्यासिकेची गरज खरी त्यांनाच. हे मला पटत नाही, आणि बैठकीतही मी तसेच बोललो.

माझी सूचना अशी होती : मार्चअखेर स्लॅबवर चुन्याचे दोन हात द्यावेत, पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून ताट्या लावाव्यात, दोन मोठे कूलर समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवून चालवावेत. दुपारचे सत्र सकाळी साडेसहाला घ्यावे. एक इन्व्हर्टर एसी घ्यायचाच असेल तर तो संगणकाच्या लहान खोलीत, आठ जणांसाठी, २६ अंशांवर. आपले मीटर कोणत्या वर्गात मोडते हे वीज कार्यालयात लेखी विचारावे, कारण त्यावर सारा हिशेब फिरतो. चुन्याचे काम दोन सभासदांनी अंगावर घेतले आहे. एसीचा निर्णय अद्याप व्हायचा आहे; तोवर १ एप्रिलपासून रोज सायंकाळी मीटरचा आकडा फळ्यावर लिहिण्याचे काम बारावीच्या विद्यार्थ्यांकडे दिले आहे.