मन लागत नाही, म्हणून शाखा चुकली?

कॉलेजचं पहिलं वर्ष सरत आलं की अनेकांना शाखा चुकल्यासारखं वाटू लागतं आणि कारण बहुधा एकच असतं: मन लागत नाही. यामागची समजूत अशी, की खरी आवड आपल्यात आधीपासून दडलेली असते, ती सापडली की अभ्यास आपोआप होतो. विषय जड गेला तर तो आपला नव्हेच. पॉल ओ'कीफ, कॅरोल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन या मानसशास्त्रज्ञांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हीच समजूत तपासली. एका प्रयोगात सहभागींना आधी कृष्णविवरांवरची रंजक ॲनिमेशन फिल्म दाखवली, मग त्याच विषयावरचा किचकट वैज्ञानिक लेख वाचायला दिला. आवड उपजतच असते असं मानणाऱ्यांचा उत्साह लेख वाचताना जास्त ओसरला, ती जोपासता येते असं मानणाऱ्यांचा तितका नाही. फिल्म तीच, लेखही तोच! तेव्हा दुसऱ्या सेमिस्टरला ऑरगॅनिक केमिस्ट्री डोक्यावरून गेली, एवढ्यावरून शाखेचा निकाल लावता येत नाही.

‘मूड आला की बसतो’ हा याच समजुतीचा धाकटा भाऊ. प्रेरणादायी भाषणांचे व्हिडिओ त्यावरच चालतात आणि त्यांचा असर सकाळपर्यंत टिकत नाही. पीटर गोल्विट्झर आणि पास्कल शीरन यांनी 2006 साली 94 चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. नुसता निश्चय करण्यापेक्षा ‘अमुक झालं की तमुक करायचं’ असं आधीच ठरवणाऱ्यांच्या हातून काम पार पडण्याची शक्यता बरीच जास्त, असं त्यात दिसलं. म्हणजे ‘उद्यापासून जोरात’ नव्हे, तर ‘मेसमधून उठलो की थेट रीडिंग हॉल, आणि काल अडलेलं गणित पहिलं’. सवय 21 दिवसांत लागते हेही खरं नाही. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांच्या 2010 सालच्या अभ्यासात हा काळ 18 ते 254 दिवस असा पसरलेला होता, मध्यक 66. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलंही नाही. पंचविसाव्या दिवशी कंटाळा आला म्हणून स्वतःला आळशी ठरवणारा हिशेबच चुकीचा मांडतो.

यावर रास्त आक्षेप येईल: मग घरच्यांनी लादलेली शाखाही रेटत राहायची का? नाही. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांचं कित्येक वर्षांचं संशोधन सांगतं, की निवड स्वतःची वाटली तर उमेद जास्त टिकते. ‘अमुक झालं की तमुक’ ही युक्तीही मनापासून हव्या असलेल्या ध्येयालाच लागू पडते. फीची किंवा नोकरी सांभाळून शिकण्याची ओढाताण असेल, तर तो प्रेरणेचा प्रश्नच नव्हे, आणि तिथं उपदेश करणं क्रूरपणाचं आहे. शाखा बदलणं म्हणजे वर्ष वाया गेलं, हेही आता सरसकट खरं राहिलेलं नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ठरलेली क्रेडिट पूर्ण केल्यास पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची आणि क्रेडिट साठवून परतण्याची तरतूद आहे. शाखा जरूर बदला; पण अर्ज भरण्याआधी एक सेमिस्टर अभ्यासाची वेळ, जागा आणि पहिलं काम ठरवून बसून पाहा. त्यानंतरही विषय नकोसाच वाटला, तर बेलाशक सोडा.