कार्बन वायू पुरायचा कोठे? रॉटरडॅमचा दुसरा प्रयत्न

कारखान्यांच्या धुराड्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेत न सोडता जमिनीत पुरावा, ही कल्पना कागदावर सोपी दिसते. मात्र तो कोणाच्या घराखाली पुरायचा, या प्रश्नावर नेदरलँड्स सरकारला २०१० मध्ये एक योजना गुंडाळावी लागली. पेर्निस येथील शेलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातील वायू रॉटरडॅमजवळच्या बारेंड्रेख्त गावाखालील, नैसर्गिक वायू काढून घेतलेल्या खडकांत भरला जाणार होता. गावकऱ्यांना विश्वासात घेण्यात आले ते बरेचसे ठरून गेल्यावर. स्थानिक परिषदेचा विरोध डावलून २००९ मध्ये मंजुरी देण्यात आली आणि वर्षभरातच माघार घ्यावी लागली.

त्यानंतरच्या 'पोर्थोस' योजनेने साठवणीची जागा समुद्रात हलविली. रॉटरडॅम बंदर प्राधिकरण व दोन सरकारी ऊर्जा कंपन्यांची ही भागीदारी आहे. एका कारखान्यापुरती नव्हे, तर साऱ्या बंदरासाठी सामाईक वाहिनी, हा तिचा गाभा. बंदरातून सुमारे ३० किलोमीटर, किनाऱ्यावर वायू दाबून पुढे समुद्रतळावरून सुमारे २० किलोमीटर आणि अखेर तळाखाली तीन किलोमीटरहून अधिक खोल, असा हा प्रवास. वर्षाला सुमारे २५ लाख टन याप्रमाणे १५ वर्षांत ३ कोटी ७० लाख टन वायू तेथे मावेल, असा हिशेब आहे.

खरी कसरत वाहिनीच्या व्यासाची. ती बेताची टाकली तर नवे ग्राहक येताच पुन्हा खोदकाम आले. त्याचा अनुभव शहरवासीयांना वेगळा सांगायला नको. मोठी टाकली तर ग्राहक येईपर्यंतचा भार कोणी सोसायचा? शिवाय वाहिनीची खात्री नसताना कारखानदार पैसे घालत नाहीत आणि कारखानदारांवाचून वाहिनी परवडत नाही. येथे जमिनीवरील वाहिनी मुद्दाम मोठी ठेवली गेली. शेल, एक्झॉनमोबिल, एअर लिक्विड व एअर प्रॉडक्ट्स या चौघांनी साठवणीची जागा राखून ठेवली. युरोपीय बाजारातील कार्बनचा दर आणि प्रत्यक्ष खर्च यांतील तफावत भरून देण्यासाठी सरकारने त्यांच्याकरिता सुमारे २१० कोटी युरोंपर्यंत अनुदानाची तरतूद केली.

तरीही काम अडलेच, तेही पर्यावरणाच्याच कारणावरून! बांधकामातील नायट्रोजन प्रदूषणाला दिलेली सूट न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये अमान्य केली. ऑगस्ट २०२३ मध्ये योजनेला हिरवा कंदील मिळाला आणि त्याच ऑक्टोबरमध्ये १३० कोटी युरोंच्या गुंतवणुकीचा निर्णय झाला.

युरोपीय कायद्यानुसार साठवण बंद झाल्यावर साधारणतः किमान २० वर्षे देखरेख चालकाकडे राहते. त्यानंतर समुद्राखालच्या या वायूची जबाबदारी सरकारकडे, म्हणजेच पर्यायाने करदात्यांकडे येते. त्यांत बारेंड्रेख्तचे रहिवासीही असतील.