खुलासा देण्याची घाई

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्या पांढरपेशा समाजाने इतकी मनावर घेतली आहे की, ती पायरी चढण्याची वेळ आलीच तर काय करावे, याचा विचारही त्याने कधी केलेला नसतो. दिवाणी दाव्यांपुरती ही म्हण व्यवहारी असेलही. फौजदारी प्रकरणात मात्र माणूस आपण होऊन न्यायालयात जात नाही. त्याला नेले जाते. आणि नेले जाण्यापूर्वीच्या काही दिवसांत, अज्ञानापोटी आणि पुष्कळदा केवळ सज्जनपणापोटी, तो स्वतःचे जे नुकसान करून घेतो, ते पुढे निष्णात वकिलालाही भरून काढणे कठीण जाते.

समजा, एका खाजगी शाळेतील लिपिकाच्या ताब्यातील शुल्काच्या हिशेबात तपासणीच्या वेळी चाळीस हजारांची तूट निघाली. पावतीपुस्तके तिघे जण हाताळत होते, कपाटाची दुसरी किल्ली आणखी कोणाकडे होती. मुख्याध्यापक त्याला आत बोलावून सांगतात, "अहो, प्रकरण वाढवू नका. पैसे भरून टाका, दोन ओळी लिहून द्या. संस्थेला मी समजावतो." लिपिक घाबरतो. पत्नीचे दागिने गहाण ठेवून पैसे भरतो आणि 'माझ्या हातून चूक झाली, क्षमा असावी' असे लिहून देतो. महिन्याभराने, संस्थेतील राजकारणामुळे म्हणा की लेखापरीक्षकाच्या आग्रहामुळे म्हणा, फिर्याद दाखल होतेच. आणि तिला जोडलेला पहिला कागद असतो तो हाच माफीनामा.

पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली गुन्ह्याची कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही. १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या २५ व्या कलमात हे संरक्षण होते आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या २३ व्या कलमात ते कायम आहे. (आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू हाती लागली, तर तेवढ्या माहितीपुरता अपवाद आहे.) पण मुख्याध्यापक म्हणजे पोलीस नव्हेत. अधिकारस्थानी असलेल्या व्यक्तीने धाक किंवा आशा दाखवून घेतलेली कबुली ग्राह्य धरू नये, असा युक्तिवाद वकील करू शकेल, हे खरे. परंतु लिहून दिलेला कागद फायलीत राहतो आणि तोंडी दिलेले आश्वासन हवेत विरते. पैसे परत केले की गुन्हा पुसला जातो, ही समजूतही तशीच निराधार आहे. अप्रामाणिक हेतूने काही काळापुरता केलेला अपहार हाही कायद्याच्या दृष्टीने अपहारच होय.

त्या लिपिकाने करावयास हवे होते ते इतकेच, की लिहिण्यापूर्वी वकिलाला भेटणे. सार्वजनिक पैशाचा हिशेब देणे हे नोकराचे कर्तव्यच आहे आणि खुलासा मागितल्यास तो द्यावाही लागतो. परंतु 'तूट दिसते, तिचे कारण तपासले पाहिजे, पावत्या व किल्ल्या अमुक अमुक व्यक्तींकडे होत्या' असे लिहिणे निराळे आणि 'चूक झाली' असे लिहिणे निराळे. निरपराध माणसाला बोलण्याची घाई असते. आपण खरे बोललो की सारे मिटेल, असा त्याचा भाबडा विश्वास असतो. घटनेच्या २० व्या अनुच्छेदातील तिसऱ्या खंडाने आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या सक्तीपासून मुक्त केले आहे, ते केवळ गुन्हेगारांच्या सोयीसाठी नव्हे. तपासात पोलिसांनी नोंदविलेल्या जबाबावर सही करण्याचे बंधन नाही, हेही अनेक सुशिक्षितांना ठाऊक नसते.

दुसरी गोष्ट कलमांची. फिर्यादीची प्रत हाती आली की बहुतेक जण 'अपहाराचा गुन्हा' एवढेच वाचतात आणि कलमाचा आकडा वकिलावर सोपवितात. वास्तविक त्या आकड्यातच पुष्कळ काही असते. भारतीय न्याय संहितेचे ३१६ वे कलम फौजदारीपात्र न्यासभंगाचे आहे. त्यातील चौथे पोटकलम लिपिक किंवा नोकर यांना लागू होते आणि त्यास सात वर्षांपर्यंत कारावास आहे. पाचवे लोकसेवकाला लागू होते आणि त्यास दहा वर्षांपर्यंत कारावास किंवा जन्मठेपही आहे. खाजगी शाळेतील आपल्या लिपिकाला चुकून वा मुद्दाम पाचवे पोटकलम लावले, तर फरक केवळ अंतिम शिक्षेत पडत नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात बजावले आहे. कोठडीतील आरोपीविरुद्ध दोषारोपपत्र चौथ्याखाली साठ दिवसांत दाखल झाले नाही, तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. पाचव्याखाली नव्वद दिवस थांबावे लागते. आणि हा हक्क आपोआप पदरात पडत नाही. दोषारोपपत्र येण्यापूर्वी अर्ज करावा लागतो. सरकारी कर्मचाऱ्याच्या बाबतीत अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काळ कोठडीत राहणे म्हणजे १९७९ च्या शिस्त व अपील नियमांनुसार निलंबित झाल्याचे मानले जाणे होय. तेव्हा अटक टळते की नाही, हा प्रश्न घरच्या चुलीशी जोडलेला असतो.

शब्दांची गल्लत मराठीत अधिकच होते. फिर्यादीतील मजकूर हाही 'आरोप', पोलिसांनी तपासाअंती पाठविलेले ते 'आरोपपत्र' आणि न्यायाधीश निश्चित करतात तोही 'आरोप'. पहिल्या दोन गोष्टी पोलिसांच्या दप्तरातील आहेत, तिसरी न्यायालयाची. आरोप निश्चित होण्यापूर्वी, कागदपत्रांवरून खटला उभाच राहत नाही, असे दाखवून दोषमुक्तीचा अर्ज करता येतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने त्यासाठी साठ दिवसांची मुदत घातली आहे. आपल्या लिपिकाच्या प्रकरणात विचारावयाचे प्रश्न दोनच : रक्कम खरोखर त्याच्या हवाली केलेली होती काय, आणि ती त्याने अप्रामाणिक हेतूने वापरली काय? तूट आहे, एवढ्यावरून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

आरोपातील एकेका शब्दाला किती महत्त्व असते, हे लोकमान्य टिळकांनी १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात दाखविले होते. 'केसरी'तील लेख न्यायालयापुढे इंग्रजी भाषांतरातून आले होते. टिळकांनी आपला बचाव स्वतः केला आणि सरकारी भाषांतरकाराची शब्दाशब्दावर उलटतपासणी घेतली. ज्युरीने सातास दोन मतांनी त्यांना दोषी ठरविले आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली, हा इतिहास सर्वश्रुत आहे. त्या मानाने कमी आठवला जातो तो १९१६ चा प्रसंग : भाषणांवरून त्यांच्याकडून जामीन मागण्यात आला, तेव्हा स्वतः कायद्याचे पदवीधर असलेल्या टिळकांनी बॅरिस्टर जिना यांना वकीलपत्र दिले आणि मुंबई उच्च न्यायालयात तो आदेश रद्द झाला. टिळकांनाही जे दुसऱ्याच्या हाती द्यावेसे वाटले, ते आपण शेजारच्या निवृत्त हवालदाराच्या सल्ल्यावर निभावून नेऊ पाहतो!

वकिलाशी वागतानाही आपला संकोच आड येतो. डॉक्टरपुढे माणूस अंग उघडे करतो. वकिलापुढे मात्र अब्रू सांभाळीत बसतो. आपल्या लिपिकाने तुटीच्याच महिन्यात शुल्काच्या पेटीतून दोन हजार घेतले असतील आणि पगार होताच परत ठेवले असतील, तर नेमकी ही गोष्ट तो लपवील. ती सरकारी वकिलाच्या तोंडून भर न्यायालयात निघाली की बचावाची सारी मांडणी कोसळते. वकिलाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याने उघड करू नये, असे बंधन साक्ष्य अधिनियमाच्या १३२ व्या कलमाने त्याच्यावर घातले आहे. पुढे करावयाच्या गुन्ह्यासाठी घेतलेला सल्ला मात्र त्यात मोडत नाही. अर्थात विश्वास एकतर्फी नसावा. दोषारोपपत्राची संपूर्ण प्रत आरोपीला विनामूल्य मिळते. ती स्वतः वाचावी, न समजलेले समासात लिहून ठेवावे आणि ते विचारावे. मागील तारखेला काय झाले, हे ज्या वकिलाकडून तीन-तीन महिने कळत नाही, तो बदलण्याचा अधिकार पक्षकाराला आहे.

फीचे काय, हा प्रश्न उरतोच. हुसैनारा खातून प्रकरणात १९७९ मध्ये बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांची स्थिती उघडकीस आली, तेव्हा निर्धन आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळणे हा जीविताच्या हक्काचाच भाग ठरला. आज कोठडीतील कोणाही व्यक्तीला, तसेच स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळू शकतो. कार्यालय बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते. अटकेची कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी दिली पाहिजेत, असेही सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात सर्व गुन्ह्यांसाठी ठरवून दिले. दंडाधिकाऱ्यापुढे नेण्यापूर्वी निदान दोन तास आधी ती हाती पडावीत, असा दंडक आहे. तो कागद मराठीत मागून घ्यावा आणि तो घेऊनच वकिलाकडे जावे. माफीनाम्याची प्रत घरी ठेवली असेल, तर तीही बरोबर न्यावी. वकील पहिल्यांदा तीच मागेल.