प्रगतीचें माप

दोन देशांपैकीं अधिक प्रगत कोणता? दरडोई उत्पन्न पाहिलें कीं उत्तर मिळालें, असें पुष्कळांस वाटतें. परंतु उत्पन्न हें साधन आहे. त्यांतून माणसास आयुष्य व विद्या किती लाभली, हें त्यावरून कळत नाहीं. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमानें 1990 सालीं मानव विकास निर्देशांक प्रसिद्ध केला. पाकिस्तानचे अर्थशास्त्रज्ञ महबूब उल हक हे त्याचे प्रवर्तक. अमर्त्य सेन यांचें साह्य त्यांस लाभलें.

आयुर्मान, शिक्षण व उत्पन्न या तिहींस 0 ते 1 यांमधील गुण देऊन एक आंकडा काढावयाचा, ही त्याची रीत. आरंभीं तिहींची साधी सरासरी घेत. त्यामुळें एका अंगाची उणीव दुसऱ्याच्या गुणांनीं झांकली जाई. 2010 पासून तिहींचा गुणाकार करून घनमूळ काढतात. म्हणून दुबळें अंग आतां तितकें लपत नाहीं.

देशांप्रमाणें जिल्ह्यांचीही तुलना करतां येते. 1983 सालीं महाराष्ट्र सरकारनें वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालीं समिती नेमली. रस्ते, पाटबंधारे, शिक्षण, आरोग्य अशा एकेका बाबतींत राज्याच्या सरासरीहून जिल्हा जितका मागें, तितका त्याचा अनुशेष, असें तिनें ठरविलें. मराठवाड्याचा अनुशेष सुमारें 751 कोटी रुपये निघाला. मागासलेपणाची तक्रार अशी रुपयांत मांडतां आली, हा मोठा लाभ होय. परंतु सरासरी गांठली म्हणजे गरज भागली, असें नव्हे.

श्रोतेहो, लातूरचेंच पाहा. परीक्षांतील यशामुळें ‘लातूर पॅटर्न’ राज्यभर गाजला. पण मांजरा धरण आटल्यामुळें 2016 च्या एप्रिलांत त्याच शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. शेजारच्या नांदेडास गोदावरीवरील विष्णुपुरीच्या जलाशयाचा आधार आहे. हा भेद निर्देशांकाच्या तिन्ही रकान्यांत थेट कोठेंच दिसत नाहीं. पाणी भरण्यापायीं एखाद्या मुलीची शाळा सुटली, तर तें नुकसान शिक्षणाच्या रकान्यांत उतरेल खरें. पण कित्येक वर्षांनंतर, आणि कारणाचा उल्लेख नसतांना.

यास्तव आंकडे टाकून द्यावे असें नव्हे. त्यांच्यावांचून न्याय्य वांटणी होणार नाहीं. मात्र देशाचा वा जिल्ह्याचा क्रमांक कानीं पडतांच आपण दोन गोष्टी विचाराव्या: यांत काय मोजलें, आणि तें कशाशीं ताडलें?