सरासरीच्या आड दडलेलं नवलगुंद

धारवाड जिल्ह्याचं वार्षिक पर्जन्यमान साडेसातशे ते आठशे मिलिमीटरच्या घरात सांगितलं जातं. आकडा खोटा नाही, पण तो जिल्ह्यातल्या कुठल्याच शेतकऱ्याच्या उपयोगाचा नाही. पश्चिमेला अळणावर-कलघटगीकडे भातखाचरं आणि सागाची जंगलं, तर पूर्वेला नवलगुंद-अण्णिगेरीच्या काळ्या रानात सावलीला झाड शोधावं लागतं. सह्याद्रीच्या माथ्यावर कॅसलरॉकला कित्येक हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आत असलेल्या नवलगुंदला तो जेमतेम सहाशेच्या आसपास उरतो. कोपेनच्या वर्गीकरणात वार्षिक सरासरी तापमान २५ अंश असेल आणि पाऊस मुख्यतः उन्हाळी सहामाहीत पडत असेल, तर ७८० मिलिमीटरच्या खालचा प्रदेश निमशुष्क ठरतो. म्हणजे धारवाड शहर सीमेवर आणि नवलगुंद नि:संशय पलीकडे. दोघांना एकाच सरासरीत बसवणं ही प्रशासनाची सोय झाली, हवामानाचं वर्णन नव्हे.

तरीही नवलगुंदला निव्वळ दुष्काळी म्हणणं मला पटत नाही. इथली खोल काळी माती सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस पोटात धरून ठेवते आणि त्या ओलीवर शाळू, हरभरा, करडई थंडीत पिकतात. जूनचा पाऊस वेळेवर आला तर त्याआधी मूगही निघतो. त्यामुळे या रानाचं वर्ष ठरतं ते एकूण किती पडलं यावर कमी आणि परतीचा पाऊस कधी पडला यावर जास्त. तोच पाऊस एकदम कोसळला की बेण्णीहळ्ळ हा ओढा फुगून हीच शेतं पाण्याखाली घालतो. कोरडवाहू तालुक्याला पुराचा तडाखा बसतो, यात म्हणूनच विसंगती नाही.

यावर हमखास आक्षेप येतो: धरणाचं पाणी आणा, मग पावसाची चिंता कशाला? मलप्रभेचा कालवा आलाच होता. पण जुलै १९८० मध्ये नरगुंद-नवलगुंदचे शेतकरी पेटून उठले ते कालव्याखालच्या जमिनीवरच्या सरकारी वसुलीविरुद्ध, आणि त्या आंदोलनात गोळीबारही झाला. शिवाय मलप्रभाही त्याच सह्याद्रीच्या पावसावर जगते. तो कमी पडला की कालव्याच्या शेपटाला पाणी पोचत नाही. शेततळ्यांची गोष्ट वेगळी. चिकण काळ्या मातीतून पाणी फारसं झिरपत नाही, त्यामुळे कागद न अंथरताही तळं टिकतं, आणि मोक्याच्या वेळी दिलेली एक पाळी हरभऱ्याला तारते. शेततळं जमीन खातं, हा आक्षेप मात्र खरा आहे. दोन-तीन एकरवाल्याला ते परवडत नाही, आणि अनुदान त्याच्याकडे आधी वळायला हवं.

राहिला म्हादई नदीच्या पाण्याचा प्रश्न. २०१५ पासून नरगुंद-नवलगुंदच्या शेतकऱ्यांनी ते पाणी मलप्रभेत वळवणाऱ्या कळसा-भांडुरा योजनेसाठी दीर्घ लढा दिला. म्हादई पाणीतंटा लवादाने २०१८ मध्ये मलप्रभेकडे वळवण्यासाठी ३.९० टीएमसी पाणी मंजूर केलं. ते पिण्यासाठी आहे, शेतीसाठी नाही.