बिदरी पानदान आणि रेणूंची शिस्त

हैदराबाद येथील सालारजंग वस्तुसंग्रहालयात बिदरी कामाच्या वस्तू पाहताना काळ्याभोर धातूवरील रुपेरी वेलबुट्टीवर दृष्टी खिळून राहते. ही वेलबुट्टी कारागिराच्या हातची होय. परंतु अशा वस्तूवर आणखी एक रचना असते. ती कोणीही कोरलेली नसते व डोळ्यांना दिसतही नाही.

बिदरी वस्तू जस्तात थोडे तांबे मिसळून ओततात. तीवर नक्षी कोरून चांदीची तार बसवितात. नंतर बिदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांचे मिश्रण लावतात. त्यायोगे जस्ताचा भाग काळा पडतो. चांदी मात्र तशीच झळकत राहते. अखेरीस वस्तूस तेल चोळतात.

वनस्पती तेलात अल्प प्रमाणात मेदाम्ले असतात. मेदाम्लाच्या रेणूस एक डोके व एक लांब शेपटी असते. डोक्यास धातूची ओढ असते, तर शेपट्यांना एकमेकींची. म्हणून डोकी धातूस चिकटतात आणि शेपट्या परस्परांच्या आधाराने दाट ज्वारीच्या ताटांप्रमाणे उभ्या राहतात. हा थर एकाच रेणूच्या उंचीचा असतो. एका मिलिमीटरमध्ये असे सुमारे चार लाख थर मावतील!

ही शिस्त कोण लावतो? कोणीही नाही. रेणू उष्णतेमुळे सतत हालत असतात. चुकीच्या जागी बसलेला रेणू पक्का धरला जात नाही. तो सुटतो, सरकतो व योग्य जागी स्थिरावतो. अशा रीतीने चुका आपोआप दुरुस्त होतात.

सन १९८१ मध्ये स्वित्झर्लंडमधील बिनिंग व रोहरर यांनी अतिसूक्ष्म सुईने पृष्ठभाग चाचपणारा सूक्ष्मदर्शक तयार केला. त्याबद्दल त्यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सन १९८३ मध्ये अमेरिकेत नझो व अलारा यांनी गंधकयुक्त रेणू सोन्यावर असेच ओळीने बसतात, असे दाखविले. पुढे त्या सूक्ष्मदर्शकाने या ओळी प्रत्यक्ष पाहता आल्या. खाद्यतेलातील पुष्कळ शेपट्या वाकड्या असल्याने त्यांची रांग सोन्यावरील रांगेइतकी सरळ नसते, हेही लक्षात ठेवावे.

या ज्ञानाचा उपयोग घरी व शेतीतही आहे. रेणूंना बसावयास स्वच्छ जागा हवी. गंज व ओल यांवर तेल ओतले, तर थर नीट धरत नाही. म्हणून हंगाम संपताच विळे, खुरपी व कोळप्याची पास घासून, पूर्ण कोरडी करून मगच तेलाचा हात फिरवावा. त्यामुळे पाणी लोखंडापर्यंत सहज पोहोचत नाही.

याउलट, आजीचे बिदरी पानदान चिंचेने वा राखेने कधीही घासू नये. त्याचा काळा रंग हा मळ नव्हे. तो कारागिराने परिश्रमपूर्वक आणलेला असतो आणि चिंचेच्या आंबटाने तो नष्ट होतो. कोरड्या मऊ फडक्याने पुसून तेलाचा एक थेंब चोळावा. पुढील काम रेणू आपण होऊनच करतील.