मायनस सत्तावीस

अहमदपुरात एका गल्लीच्या तोंडाशी शिडी टेकवलेली, आणि तिच्या पायथ्याशी उकिडवा बसून एक पोरगा औषधाच्या रिकाम्या डबीत काहीतरी टाकत होता. जवळ जाऊनही मला ते दिसेना. "काच हाय सर. फायबरचा तुकडा. पायात शिरला की सापडत नाही," तो म्हणाला. आवरण सोललेली ही तार १२५ मायक्रॉनची असते आणि प्रकाश धावतो तो तिच्या आतल्या अवघ्या ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून. भर रस्त्यात तो तुकडा तसाच टाकला असता, तर कुणी विचारलंही नसतं. तरी तो वेचत होता. दुसऱ्या दिवशी मी त्याच्यासोबत निघालो ते एवढ्यासाठीच.

नेट जोडायचं होतं ते घर एका मावशींचं; माळवदाचं, दोन हात रुंद दगडमातीच्या भिंतींचं. किल्लारीच्या १९९३च्या भूकंपानंतर अशा घरांचा धसका घेऊन आपल्याकडं कितीकांनी ती पाडली; हे राहिलं. नात माडीवर बसून ऑनलाइन शिकवणी करते. पुण्याच्या लेकानं चार अँटेनांचा महागडा राउटर धाडलेला. तो ओसरीवर लावला की माडीवर नेट येईल, अशी मावशींची खात्री होती.

आधी जोड. पोरानं तार सोलली, स्पिरिटनं पुसली. इंजेक्शनआधी दंडावर फिरवतात तो वास ओसरीभर झाला. दोन्ही टोकं कापली आणि त्यांचे उडालेले तुकडे काळ्या चिकटपट्टीवर टिपले. टोकं मशीनमध्ये समोरासमोर धरली, ठिणगी पडली, काच काचेत वितळली. जोड त्याला पसंत पडला नाही. तोडून पुन्हा केला. या वेळी पडद्यावर प्रकाशाच्या घटीचा आकडा आला ०.०२.

मग प्रकाश मोजायचा मीटर लावला. मायनस चोवीस.

"मायनस सत्तावीसपर्यंत चालतंय. त्याच्या खाली गेलं की लाल दिवा." दर तीन आकड्यांना प्रकाश निम्मा होतो, हे त्यानं बोटं मोडत समजावलं. चोवीसवर नेट सुरू झालं असतं आणि त्याला पुढच्या घरी जाता आलं असतं. तो मात्र शिडी घेऊन बाहेर गेला. चौकटीच्या वर तार खिळ्याला करकचून वळवली होती. तिथं त्यानं सैल, मोठं वेटोळं दिलं. मीटरवर मायनस एकोणीस. मायनस सत्तावीसपासून आता आठ आकडे लांब. "पावसाळ्यात कामाला येतंय," एवढंच बोलला. काचेतून दूरवर प्रकाश नेता येईल, अडचण काचेची नसून तिच्यातल्या अशुद्धतेची आहे, हे चार्ल्स काव यांनी १९६६ साली मांडलं. २००९ साली त्यांना नोबेल मिळालं. त्या शोधाचं शेवटचं टोक इथं एका खिळ्यापाशी अडलं होतं, आणि ते सोडवणाऱ्याचं नाव पावतीवरसुद्धा नव्हतं.

माडीवर नेट पोचलंच नाही. पाच गिगाहर्ट्झच्या लहरी तर त्या भिंतीतच विरल्या. "मावशी, अँटेना चार असूद्यात की आठ, भिंत तेवढीच ऱ्हाते." भिंत फोडायला त्यानं नकार दिला. झरोक्यातून नेटवर्कची वायर वर नेली, महागडा राउटर माडीवर बसवला, कंपनीचा साधा डबा ओसरीवर ठेवला. शंभर मीटरपर्यंत ही वायर सहज चालते. घर तर वीस मीटरचंही नव्हतं. राउटर विकत घेताना घराची भिंत किती रुंद आहे, हे दुकानात कुणी विचारत नाही. खरं तर पहिला प्रश्न तोच हवा.

मग घरच्या कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा, डीव्हीआर, लावताना मावशींनी फडक्यात बांधलेली जुनी हार्डडिस्क आणली. तिच्यात गेलेल्या काकांचे फोटो. "ह्या नव्या डब्यातच टाक की बाबा." पोरगा थांबला. एक कॅमेरा दोन मेगाबिटवर चालला तर दिवसाला साडेएकवीस जीबी खातो. चार कॅमेऱ्यांत एक टीबीची डिस्क साधारण साडेअकरा दिवसांत भरते आणि मग जुनं पुसून त्यावरच नवं लिहीत बसते. "ही डिस्क रातंदिस पुसूलालीय मावशी. हिच्यात काकांना ठेवायचं नाही." फोटोंची एक प्रत घरात, दुसरी पुण्याला लेकाकडं, असं त्यानं दोनदा बजावलं. लेकाला फोन लावायला लावला. मावशींनी फडकं पुन्हा बांधलं, या वेळी गाठ जरा घट्ट.

निघताना त्यानं चिकटपट्टी उन्हात धरली. टोकं चार कापलेली, तुकडे तीन. "मावशी, खाली येऊ नका!" माडीच्या पायरीवर अनवाणी मावशी जागच्या जागी थबकल्या. मोबाइलचा उजेड फरशीला समांतर धरून तो गुडघ्यांवर सरकू लागला. पुढच्या घरचा फोन दोनदा वाजला, त्यानं उचलला नाही. तुळशीकडं जाणाऱ्या उंबऱ्याच्या कडेला काहीतरी लकाकलं. पट्टीच्या टोकानं त्यानं तो तुकडा उचलला, डबीत टाकला, झाकण लावलं.

"या आता मावशी."